परदेशात अस्सल मेक्सिकन जेवण कुठे आणि कसं शोधावं?

दूरदेशी

नमस्कार मंडळी. आम्ही काही वर्षं मेक्सिकोत केरेतारोला होतो, आता जर्मनीत श्टुटगार्टजवळ बस्तान बसवलंय. मिसळीपासून पुरणपोळीपर्यंत आपलं सगळं घरी जमतं, त्याची तक्रार नाही. पण मुलं तिकडे शाळेत गेलेली, त्यांच्या जिभेवर मेक्सिको बसलाय. सकाळी कोपऱ्यावर वाफाळत्या डब्यातून मिळणारे तामाले (मक्याच्या पिठात सारण भरून पानात वाफवलेले), रविवारची बार्बाकोआ (मंद आचेवर रात्रभर शिजवलेलं मांस), रात्री गाडीवरचे अल पास्तोर टाको. यातलं काहीच इथे मिळेना.

इथली 'मेक्सिकन' हॉटेलं पालथी घालून झाली. भिंतीवर सोंब्रेरो, मेनूकार्डात चार पानं कॉकटेल आणि एक पान जेवण. अलीकडे एका ठिकाणी एंचिलादा, म्हणजे मिरचीच्या सॉसमधल्या मक्याच्या पातळ पोळ्या, मागवल्या. आली गव्हाची जाड पोळी, आत मक्याचे गोड दाणे आणि राजमा, वर केचपच्या वळणावर जाणारा सॉस आणि ओव्हनमध्ये वितळवलेलं गाउडा चीज. धाकट्याने विचारलं, "आई, हा पिझ्झा आहे का?" वेटरही गालात हसला.

तर जिथे जिथे मायबोलीची माणसं पसरली आहेत तिथून अनुभव हवेत. खरं मेक्सिकन खाणं देणारी जागा ओळखायची कशी? नसेलच तर घरी काय काय जमतं? सामान कुठून आणता?

ठसका

मॉलमध्ये नाचोज विथ चीज मिळतात की! बाकी मेक्सिकन म्हणजे राजमा-भात पोळीत गुंडाळायचा. पुण्यात रग्गड मिळतं. (पळतो आता.)

दूरदेशी

ठसकाभाऊ, पळू नका. नाचोज निघाले मेक्सिकोतच, पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात, १९४० च्या दशकात. इग्नासिओ आनाया नावाच्या माणसाने अवेळी आलेल्या गिऱ्हाइकांना हाताशी होतं ते दिलं: तळलेले टॉर्टियाचे (मक्याच्या पातळ पोळीचे) तुकडे, चीज, हालापेन्यो मिरची. 'नाचो' हे इग्नासिओचं घरगुती नाव. पण त्या नाचोजचा आणि मॉलमधल्या पिवळ्या चीजच्या पंपाचा संबंध शोधायला डीएनए चाचणी लागेल.

जर्सीवाला

आम्ही या बाबतीत सुखी आहोत. जॅक्सन हाइट्सला ७४व्या रस्त्यावर डाळ-तांदूळ भरायला सगळेच जातात. तिथून पिशव्या घेऊन गाडीकडे परतू नका, रूझवेल्ट अव्हेन्यूवर वळा. डोक्यावरून ७ नंबरची ट्रेन धडधडत जाते आणि खाली फुटपाथवर गाड्याच गाड्या. न्यूयॉर्कच्या मेक्सिकन लोकांत पुएब्ला राज्यातून आलेले खूप, म्हणून इथे सेमिता झकास मिळतो. तिळाचा गोल पाव, आत तळलेलं मांस, धाग्याधाग्याने सुटणारं ओआहाका चीज, अवोकाडो, चिपोटले ही धुरावलेली मिरची आणि पापालो नावाचा उग्र वासाचा पाला. पापालो नसेल तर मी परत फिरतो. आमच्या जर्सीत पॅसेइकलाही पुएब्लावाले बरेच आहेत.

ओळखायचं कसं, तर माझे ठोकताळे असे. पाटीवर नुसतं 'मेक्सिकन' लिहिलंय की राज्याचं किंवा गावाचं नाव आहे ते बघा. पुएब्ला, ओआहाका, मिचोआकान, हालिस्को असं काही दिसलं की आत शिरा. दुसरं म्हणजे काचेवर हाताने लिहून चिकटवलेला कागद: बार्बाकोआ, पांसिता (वजडीचा रस्सा), पोसोले (मक्याच्या दाण्यांचा मांस घातलेला रस्सा), फक्त शनिवार-रविवार. हे पदार्थ करायला रात्र जाते, ते रोज करणं परवडत नाही. ज्याच्याकडे आठवडाभर सगळं मिळतं त्याच्याकडे डबे उघडले जातात असं खुशाल समजा. आणि तिसरं, टाको कशात आलाय ते. तळहाताएवढ्या मऊ मक्याच्या टॉर्टिया, बहुधा दोन एकावर एक, वर फक्त कांदा-कोथिंबीर, बाजूला लिंबू. सालसा तुम्ही घ्यायचा. कुरकुरीत वाटीत लेट्यूस आणि किसलेलं पिवळं चीज आलं, तर पैसे देऊन निमूट बाहेर पडा.

ह्यूस्टनची_काकू

जर्सीवाले, शेवटचं वाक्य मागे घ्या बघू.

कुरकुरीत टाको, चिली कोन कार्ने, फाहिता याला नकली म्हणायची फॅशन झालीय. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं. इथली मेक्सिकन कुटुंबं कुठून 'आली' नाहीत, सीमा त्यांच्या अंगावरून सरकली. सॅन अँटोनियोच्या चौकांत बायका संध्याकाळी कंदील लावून चिली विकायच्या, 'चिली क्वीन्स' म्हणायचे त्यांना. १९ व्या शतकापासून ते १९३० च्या दशकात आरोग्य खात्याने उठवेपर्यंत त्यांचा धंदा चालला. फाहिता हे रांचवर राबणाऱ्या मजुरांच्या वाट्याला येणारं स्वस्त मांस. हे सगळं टेक्स-मेक्स आहे आणि आपल्या जागी अस्सल आहे. स्टुटगार्टातला गाउडा मात्र कोणत्याच जागी नाही.

आणि गव्हाची टॉर्टिया दिसली की नाक मुरडणाऱ्यांनी एकदा सोनोरात जाऊन यावं. उत्तर मेक्सिकोत गहू भरपूर पिकतो. हातावर पसरत पसरत एवढी मोठी आणि पातळ करतात की पलीकडचं दिसावं.

जर्सीवाला

काकू, फाहितापुरतं मागे घेतो. लेट्यूसचं नाही.

दूरदेशी

काकूंचं पटलं. माझा राग टेक्स-मेक्सवर नाहीच. हॉटेलवाल्याला आपण काय करतोय याचा पत्ता नसतो, त्यावर आहे. मेक्सिकोत असताना कुणी 'मेक्सिकन जेवण' असं म्हणताना ऐकलं नाही. विचारायचे, मोले (मिरच्या-मसाल्यांचा घट्ट रस्सा) कुठला? पुएब्लाचा की ओआहाकाचा? ओआहाकाचा तर काळा, पिवळा, हिरवा की तांबडा? पोसोले हालिस्कोचं तांबडं की गेरेरोचं हिरवं? मग या एवढ्या मोठ्या देशाचं एकच मेनूकार्ड कसं होईल?

बाकी अल पास्तोरची गंमत बघा. लेबननहून आलेल्या लोकांनी पुएब्लात उभ्या सळईवर मांस भाजायला सुरुवात केली. पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, मसाल्यात ग्वाहियो मिरची आणि आचिओते आलं, वर अननस बसला. जर्मनीत तर गल्लोगल्ली डोनरची उभी सळई फिरतेय. भांडी तयार, विस्तव तयार, फक्त मसाला लावायला कुणी तयार नाही!

शाकाहारी_सुमी

मस्त धागा. वाचनखूण साठवली. माझा एक भाबडा प्रश्न: आमच्यासारख्यांनी काय खायचं? बीन्स आहेत म्हणून दरवेळी बीन्सच मागवते.

दूरदेशी

सुमीताई, बीन्सच जरा जपून. फ्रिहोलेस रेफ्रितोस, म्हणजे ठेचून परतलेले बीन्स, बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, तिला मान्तेका म्हणतात. तामालेच्या पिठातही तीच फेटलेली असते आणि तांबड्या भातात कोंबडीचं पाणी असतं. "मांस नको" म्हटलं तर या गोष्टी त्यांच्या हिशेबात मांस नसतात. म्हणून थेट विचारायचं, "मान्तेका आहे का?" फ्रिहोलेस दे ला ओया म्हणजे नुसते उकडलेले काळे किंवा बायो बीन्स मागा, ते बहुधा निर्धोक असतात. तरी विचाराच.

पण खायला खूप आहे. आपण भोपळ्याच्या फुलांची भजी करतो ना, तिकडे तीच फुलं कांदा-मिरचीवर परतून केसादियात, म्हणजे दुमडून भाजलेल्या टॉर्टियात, भरतात. राहास म्हणजे भाजून साल काढलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, साय आणि मक्याचे दाणे घालून. नोपाल म्हणजे निवडुंगाची कोवळी पानं, काटे काढून तव्यावर भाजलेली. वित्लाकोचे म्हणजे मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी. दिसायला भयंकर, चव मात्र मशरूमच्या चार पावलं पुढची.

आणि मेक्सिको सिटीत केसादिया मागताना "चीज घालून" असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर बिनचीजची येते. यावरून राजधानीवाले आणि बाकीचा देश यांच्यात कायमचं भांडण आहे. माझ्या ऑफिसात दुपारी तासभर याच्यावर खल चालायचा.

देशावरचा

नोपाल वाचून विचारतो. आमच्या बांधावर फड्या निवडुंग माजलाय. खाऊ का?

दूरदेशी

नका खाऊ. तिकडे खातात ती लागवडीची, मोठ्या पानांची जात आहे. आपल्याकडचा निवडुंग त्याच कुळातला, पण बारीक कुसळं अशी की जिभेत गेली तर आठवडा जाईल. लाल बोंडं लहानपणी खाल्ली असतील तेवढ्यावर समाधान माना.

तवा_आणि_चुना

आता मुद्द्याचं मी टंकते. हॉटेल शोधण्यापेक्षा टॉर्टिया शोधा. टॉर्टिया बरोबर असेल तर आत नुसतं मीठ लावून खाल्लं तरी मेक्सिकोत पोचता, ती चुकली तर वर काहीही ओता. आणि टॉर्टियाची सगळी मेख चुन्यात आहे.

आपलं मक्याचं पीठ घेऊन टॉर्टिया करायला गेलात तर ती चिरते, थापताना हाताला येत नाही, चवही वेगळी. कारण तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. याला निश्तामाल म्हणतात, हजारो वर्षांची पद्धत आहे. चुन्याने दाण्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं अडकलेलं नायसिन अंगी लागतं. युरोपने अमेरिकेतून मका नेला, ही युक्ती मात्र नेली नाही. मग इटलीत, स्पेनमध्ये नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा रोग झाला.

मी पुण्यात अशी करते: एक किलो वाळलेला पांढरा मका. स्वीटकॉर्न नाही, पॉपकॉर्नचा नाही आणि बियाण्याच्या दुकानातला तर मुळीच नाही, त्याला औषध चोळलेलं असतं. सुमारे १० ग्रॅम खायचा चुना, तीनेक लिटर पाणी. स्टीलचं पातेलं घ्यायचं, अॅल्युमिनियमला चुना खातो. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. दाणा बोटांत चोळल्यावर साल निसटली आणि दाणा मध्यभागी अजून कच्चा असला की गॅस बंद. झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी पिवळंधमक झालेलं असतं आणि घरभर ओल्या भिंतीसारखा, पण चांगला वास. दोन-तीन पाण्यांतून चोळून धुवायचं, पण सालं सगळी घालवायची नाहीत, थोडी राहू द्यायची. मग दळण. मिक्सरमध्ये पाणी जास्त लागतं आणि पीठ पातळ होतं. इडलीचा दगडी ग्राइंडर घ्या, थोडे थोडे दाणे टाकत, पाण्याचा नुसता हबका मारत.

तयार पिठाला मासा म्हणतात. लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकच्या दोन कागदांत दाबून बघा. कडा चिरल्या तर पाणी कमी, कागदाला चिकटला तर जास्त. बिडाचा तवा सणसणीत तापवा. पहिली बाजू १५-२० सेकंद, उलटून मिनिटभर, परत उलटून वर बोटांनी हलकं दाबलं की फुगते. लगेच फडक्यात गुंडाळायची. गरम गरम खाऊ नका, फडक्यात दहा मिनिटं राहिली की मऊ पडते.

चुना: पानाच्या टपरीवरचा नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं. खाण्याच्या दर्जाचा म्हणून मागून घ्या. कळीचा चुना स्वयंपाकघरात आणूच नका.

ठसका

ताई, हा प्रतिसाद छापून फ्रिजला लावतोय. मागचं नाचोजचं वाक्य विसरा.

हंबर्गी_मासा

जर्मनीपुरतं. सुपरमार्केटात 'मक्याची टॉर्टिया' म्हणून जे मिळतं त्याचं पाकीट उलटं करून वाचा. बऱ्याचदा पहिला किंवा दुसरा घटक गहू असतो. घटकांत मका, पाणी आणि चुना एवढंच असलेलं मागवा. मोठ्या शहरांत लॅटिन अमेरिकन किराण्याची दुकानं आहेत, ऑनलाइनही पाठवतात. मासा हारिना म्हणजे हेच पीठ वाळवून, मासेका हा त्यातला सर्वत्र दिसणारा ब्रँड. दोन वाट्या पिठाला दीड वाटीच्या आसपास कोमट पाणी, मळून वीस मिनिटं झाकून ठेवा. ताज्या मासा-पिठाची सर नाही, पण गाउडापेक्षा मैलभर बरं. पोलेंटा आणि कॉर्नफ्लॉवर घेऊन मात्र येऊ नका, तो प्रकार वेगळा.

कोपनहेगनला जाणं झालं तर 'इखा दे सांचेस' शोधा. नोमा या तिथल्या नामांकित रेस्टॉरंटात काम केलेल्या मेक्सिकन वंशाच्या शेफने काढलंय, मका तिथेच चुन्यात शिजवून दळतात. खिसा जरा हलका होतो.

आणि दूरदेशीताई, खरी वाट वेगळीच आहे. आपण परदेशात उकडीचे मोदक हॉटेलात शोधतो का? महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी काकू ऑर्डर घेत असतात, तसंच यांचं. शहरागणिक 'मेक्सिकानोस एन अमुकतमुक' असे फेसबुक ग्रुप आहेत. तुम्हाला स्पॅनिश येतंय, मग अडलंय कुठे? त्यांचं कॅलेंडर पाठ करा. ६ जानेवारीला रोस्का दे रेयेस हा गोल गोड पाव कापतात. आत छोटं बाळ लपवलेलं असतं, ते ज्याच्या तुकड्यात येईल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले घालायचे. म्हणजे जानेवारीच्या शेवटी निम्मा गाव तामालेची ऑर्डर देत असतो. सप्टेंबरच्या मध्यावर स्वातंत्र्यदिनाचं पोसोले आणि चिलेस एन नोगादा (अक्रोडाच्या सॉसमधली भरली मिरची), नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवसाचा पाव, पान दे मुएर्तो. विद्यापीठ असलेल्या शहरांत मेक्सिकन विद्यार्थीही स्टॉल लावतात.

नागपुरी_संत्रं

अवांतर वाटेल, पण मक्यावरून निघालंच आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. परदेशातल्या भारतीयांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रज मागावर म्हणून देशोदेशी फिरले आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले, मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईने त्यांच्या मक्याच्या प्रयोगांचे फोटो काढलेत. चित्रकार दिएगो रिव्हेराशी दोस्ती होती आणि मेक्सिको सिटीच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्याने त्यांना रंगवलंय. स्वातंत्र्यानंतर परतले, १९६७ साली नागपुरात वारले. ज्या मक्यावर एवढा धागा चाललाय, त्याच्यासाठी मेक्सिकोत खपलेला माणूस आपल्या विदर्भातला होता. शाळेच्या पुस्तकात आम्हाला तरी हे नाव भेटलं नाही.

ह्यूस्टनची_काकू

नागपुरी_संत्रं, अजिबात अवांतर नाही! ते भित्तिचित्र बघायला म्हणून पुढची खेप.

यारा_नदीकाठी

मेलबर्नहून. इथे केन्सिंग्टनला 'ला तोर्तियेरिया' आहे, चुन्यात शिजवलेल्या मक्याच्या टॉर्टिया करतात, दुकानांतही पाकिटं मिळतात. तो प्रश्न सुटला. अडतं ते तोमातियोवर, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या आंबट हिरव्या फळावर. ताजी फळं-भाज्या, बिया विमानातून आणायचा विचारही करू नका, इथले क्वारंटाइनवाले कुत्रा लावून शोधतात. इथल्याच नर्सरीतून बी घेऊन परसात लावलं.

लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, एकटं झाड फळ देत नाही. फुलं भरभरून येतात आणि गळतात. शेजारी दुसरं झाड लागतंच, ते स्वतःच्या परागाने फळत नाही. फळ कागदी आवरणात वाढतं, आवरण भरून फुटायला आलं की तोडायचं. साल काढल्यावर चिकट लागतं, धुवून घ्या. तव्यावर मिरची-लसणाबरोबर काळे डाग येईपर्यंत भाजून वाटलं की हिरवा सालसा. तोमातियो नसतील तर कच्चे टोमॅटो आणि लिंबू. चालतं, पण तो आंबूसपणा येत नाही.

मालवणी_मसाला

मिरच्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ग्वाहियोच्या जागी ब्याडगी बऱ्यापैकी उभी राहते: रंग भरपूर, तिखट बेताचं. बिया काढून तव्यावर सेकंदभर दाबायची आणि गरम पाण्यात भिजवून वाटायची. करपली की कडू. आंचो (वाळलेली पोब्लानो) आणि चिपोटलेला मात्र पर्याय नाही, आंचोचा मनुकेसारखा गोडसर वास आणि चिपोटलेचा धूर आपल्या कुठल्याच मिरचीत नाही. ते कुणी येणाऱ्याकडून मागवा, वाळलेल्या मिरच्या वजनाला हलक्या.

कोचिनिता पिबिल हा युकातानचा डुकराच्या मांसाचा पदार्थ मी घरी करतो. आचिओते म्हणजे आपली शेंदरी, कोकणात झाडं दिसतात. युकातानचं कडू संत्रं मिळत नाही, म्हणून संत्र्याच्या रसात लिंबू पिळायचं. डुकराचं मांस त्यात रात्रभर मुरवून केळीच्या पानात बांधायचं आणि बंद भांड्यात मंद आचेवर तीन-चार तास. आमच्याकडे केळीचं पान आणायला परसात जायचं, एवढाच काय तो युकातानपेक्षा फायदा.

शाकाहारी_सुमी

हेच कच्च्या फणसाचं केलं तर?

मालवणी_मसाला

केलंय. कोवळा फणस आधी वाफवून घ्या, तेल जरा सढळ घाला, तासाभरात होतं. बायकोला मूळच्यापेक्षा आवडतं, मी मत देत नाही.

दूरदेशी

मंडळी, सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. हंबर्गी_मासा म्हणाले तसा ग्रुप सापडला. पुएब्लाच्या एक बाई जवळच्याच गावात राहतात, दर पंधरवड्याला तामाले करतात, कमीत कमी एक डझन. मी लिहिलं, तर पहिला प्रश्न, "तांबडे, हिरवे की राहास?" सुमीताई, राहासच्या पिठात मान्तेका आहे का हे विचारलं. आहे. पण आधी सांगितलं तर तेलात करून देतात. एंचिलादाचं विचारल्यावर म्हणाल्या की हॉटेलात खाऊच नका, टॉर्टिया माझ्याकडून न्या आणि घरी करा.

जर्सीवाले, त्या बाई कुंडीत पापालोही लावतात. मेमध्ये रोप देणार आहेत.

ठसका

आणि पुण्यात? तवा_आणि_चुना ताई, विकत देणार का मासा? मी दोन किलोचं गिऱ्हाईक.

तवा_आणि_चुना

दोन किलोसाठी ग्राइंडर लावते. फ्रिजमध्ये दोन दिवसांत आंबतो, त्यामुळे नेलात त्याच दिवशी टॉर्टिया करून ठेवायच्या. शनिवारी सकाळी दळते, डबा तुमचा आणा. पत्ता व्यक्तिगत निरोपात.